दार लावलेले गुरुवार

चैत्र लागला की आमच्याकडे हवेला कांद्याचा वास येतो. उपटून टाकलेला कांदा उन्हात पडलेला असतो, त्याची पात सुकत असते, आणि तो वास बांधावरून रस्त्यावर, रस्त्यावरून एस्टीच्या खिडकीत, तिथून माणसांच्या कपड्यांत शिरतो. आळेफाट्याला उतरलं तरी अंगाला असतोच. याच दिवसांत गावोगावच्या यात्रा. दुपारच्या झळांवरून कुठूनतरी बैलगाडा शर्यतीच्या माईकचा आवाज येतो. गाडामालकांची नावं, बैलांची नावं, कोणाची बारी झाली, कोणाची राहिली.

इथल्या माणसाला या वासानं आणि आवाजानं बरं वाटतं. पुण्या-मुंबईला कामाला गेलेले परत येतात, पाहुण्यांना घरं पुरत नाहीत. माझे मात्र या दिवसांत दात आवळले जातात. काळ हे औषध आहे असं लोक म्हणतात. माझ्या बाबतीत काळानं काही केलेलं नाही. माझा राग मी मिठात घातलेल्या कैरीसारखा जपून ठेवलाय. दरवर्षी चैत्रात बरणी उघडते, एक फोड चाखते, अजून आंबट आहे ना ते बघते आणि झाकण लावून टाकते.

आमचं घर म्हणजे गावाच्या बोलण्यात 'पोलिसाचं घर'. डिंगोऱ्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत, ओढ्याकाठी आमची आळी. आजोबा हयातभर गावचे पोलीस पाटील होते. वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, हवालदार होते आणि जवळच्या एका चौकीवर सायकलीनं जायचे. पुढे मीही पोलिसात भरती झाले. पण ज्या वर्षाबद्दल सांगतेय त्या वर्षी मी दहावीचे पेपर देऊन नुकती मोकळी झाले होते, निकाल लागायचा होता, आणि आईच्या हाताखाली कांदे काढत होते.

त्या काळात टीव्हीवर एक हिंदी मालिका लागायची. दर गुरुवारी, दिवेलागण झाली की. एका पोलीस खानदानाची गोष्ट. म्हातारे वडील मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, थोरला मुलगा इन्स्पेक्टर, धाकटा गुप्त पोलिसांत, सून वकील. कित्येक वर्षं चालली ती. म्हाताऱ्याचं काम करणारा नट मधेच बदलला, तरी आळीत कोणाचं काही अडलं नाही. टीव्ही आळीत आमच्याकडेच. काळा-पांढरा, पुढे लाकडी सरकतं दार असलेला. गुरुवारी बायका लवकर भाकरी उरकायच्या, बसायला पोतं घेऊन यायच्या. पुरुष उंबऱ्याशी, उशिरा आलेले खिडकीत. मालिकेचं खरं नाव कोणी घेत नसे. सगळे 'खाकीवाल्यांची शिरेल' म्हणत.

दादांना ती पटायची नाही. पडद्यावर जीप सुसाट निघाली की ते म्हणायचे, यांना डिझेल कोण देतं ते एकदा विचारा. सगळे हसायचे. त्या हसण्यात आमच्या घराला एक मान होता. टीव्हीतल्या घरात खुंटीला वर्दी, आमच्याही घरात खुंटीला वर्दी. आळीतल्या पोरांना दोन्ही घरांत फारसा फरक वाटत नसे. खरं सांगायचं तर मलाही वाटत नसे.

त्या चैत्रात मालिकेतल्या थोरल्या मुलाला कोणीतरी गोळी घातली होती. कोणी घातली ते प्रेक्षकांना दाखवलं नव्हतं. नुसता काळा बूट आणि पाठमोरा माणूस. धाकट्या भावानं चितेसमोर शपथ घेतली होती, आणि आमची आळी कांदे उपटताना, पाणी भरताना, गिरणीत दळणाला बसल्यावर एकच चर्चा करत होती. कोणी म्हणे मेहुणा, कोणी म्हणे मंत्री. प्रत्येकाला सूड हवा होता, आणि तो पुढच्या गुरुवारी मिळेल याची प्रत्येकाला खात्री होती.

आमच्या यात्रेच्या दिवशी दादांचा बंदोबस्त आपल्याच गावात लागला. त्यांनी तो टाळायचा प्रयत्न केला होता. आपल्या गावात काठी उगारता येत नाही आणि न उगारता कोणी ऐकत नाही, असं ते आईला सांगत होते. पण माणसं कमी होती. दुपारी ते घाटात उभे राहिले. घाट म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीची चढाची वाट. दोन्ही बाजूंनी दोर लावलेले, दोरांमागे माणसांची भिंत.

गावातला सगळ्यात मोठा गाडामालक विलासशेठ. ओढ्यापलीकडे त्याचा मळा. निम्मी आळी त्याच्यावर पोसलेली: कोणाकडे त्याची जमीन वाट्यानं, कोणी त्याच्या टेम्पोवर, कोणी मजुरीला. माणूस बोलायला गोड. लहान पोरांनाही 'अहो राव' म्हणणारा. त्याची बारी आली, बैल जुंपले, आणि ते सुटायच्या बेतात असताना आमच्या शेजारच्या हिराबाईची बेबी दोराखालून आत शिरली. पाच-सहा वर्षांची पोर, हातात फुगा. दादांनी ते पाहिलं. ते आडवे धावले आणि पुढच्या बैलाच्या वेसणीला त्यांनी हात घातला. बैल बिचकले, गाडा तिरका झाला, बारी वाया गेली. बेबीला कोणीतरी उचलून दोराबाहेर दिलं. फुगासुद्धा फुटला नव्हता.

मी बायकांच्या बाजूला आईजवळ उभी होते. तिथून सगळं स्वच्छ दिसत होतं. विलासशेठ गर्दीतून पुढे आला. मला वाटलं, पोरीला लागलं का ते विचारायला येतोय. त्यानं दादांच्या थोबाडीत मारली. टोपी उडून गुलालात पडली. माईकवरचा माणूस श्वासभर गप्प झाला आणि मग त्यानं पुढच्या गाडामालकाचं नाव पुकारलं.

दादांनी टोपी उचलली, मांडीवर झटकली, डोक्यावर ठेवली. मी वाट बघत होते. आता काहीतरी होणार. टीव्हीत असं झालं की आधी वाजायचं बंद होतं, मग पोलिसाचे डोळे दाखवतात, मग तो हात उचलतो. इथं हलगी वाजत राहिली. दादा दिवस मावळेपर्यंत, ड्यूटी संपेपर्यंत, त्याच जागी उभे राहिले. गालावर बोटांचे वळ, टोपीला गुलाल. लोक त्यांच्याकडे न बघता त्यांच्या अंगावरून ये-जा करत होते.

घरी आल्यावर त्यांनी आंघोळ केली आणि मागच्या अंगणात कांद्याच्या ढिगाशी जाऊन बसले. विळ्यानं पात कापू लागले. आईनं ताट नेऊन दिलं, ते तसंच परत आलं.

दादांनी तक्रार दिली नाही असं नाही. दुसऱ्याच दिवशी दिली. वर्दीवर हात टाकणं ही साधी गोष्ट नव्हती. पण साहेबांनी त्यांना समजावलं. यात्रेतली बाब आहे, विलासशेठ ओळखीचा आहे, आणि साक्षीदार कुठेत? दादांसोबत बंदोबस्ताला एक होमगार्ड होता, विलासशेठच्या भावकीतला. त्यानं सांगितलं की तो त्या वेळी दुसरीकडे तोंड करून उभा होता. घरच्या माणसांची साक्ष धरत नाहीत असं साहेबांनी सांगितलं, म्हणून आईचा आणि माझा प्रश्नच नव्हता. गावातला एक जरी माणूस आणला तर बघू, साहेब म्हणाले.

आई आळीत घरोघर गेली. तिनं कोणाला हात जोडले नाहीत, नुसतं विचारलं. सगळ्यांनी तिला बसायला घोंगडी टाकली, चहा विचारला, हळहळ केली. आणि सगळ्यांचं उत्तर एकच, की गर्दी लई होती, नीट दिसलं नाही. ज्यांनी बेबीला उचलून दोराबाहेर दिलं होतं त्यांनाही दिसलं नव्हतं. ज्या हिराबाईची बेबी वाचली होती तिनं तर दारच उघडलं नाही. तिचा नवरा दगडू विलासशेठची जमीन वाट्यानं करत होता, आणि कांदा अजून शेतातच होता.

माझी आई तळेघरची. भीमाशंकराच्या वाटेवरचं डोंगरातलं गाव, भात आणि नाचणीचं. तिच्या लहानपणी तिथं एस्टी मनाला येईल तेव्हा यायची, माणसं चालायची. ती म्हणायची, चालणाऱ्या माणसाला घाई नसते. दादांशी मोठ्या आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. त्या आठवड्यात ती कांद्याच्या वाफ्यात वाकलेली असायची आणि तासन्‌तास मान वर करायची नाही. मी शेजारच्या ओळीत. प्रत्येक कांद्याची मान विळ्याखाली घेताना मी विलासशेठचं नाव घ्यायचे. ते काम मी इतक्या मन लावून त्याआधी आणि त्यानंतर कधी केलं नाही.

मग गुरुवार आला. दिवे लागले, आणि आळी नेहमीसारखी आली. पोती काखेत, कडेवर पोरं, चेहऱ्यावर मालिकेची उत्सुकता. मला त्यांची कमाल वाटली. माणूस इतकं सहज येऊ शकतो? आई दारात उभी होती. तिनं वाट सोडली नाही.

सगळ्यांत पुढे किसनभाऊ होते, आळीतले वडीलधारे, दादांचे जुने सोबती. आईनं त्यांना विचारलं, "भाऊ, तुमी घाटात होता ना?"

त्यांनी मान हलवली.

"काय दिसलं तुमाला?"

किसनभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. "गर्दी व्हती वैनी. काय सांगावं."

"मग घरी जावा," आई म्हणाली. "एवढ्या मोठ्या घाटात ज्याला दिसलं न्हाई, त्याला एवढ्याशा पेटीत काय दिसनार?"

तिनं दार लावलं. कडी घातली. खिडकीची फळी ओढून घेतली. मग मला म्हणाली, आवाज मोठा कर. मी केला. म्हणाली, आणखी. मी टीव्हीचा कान पिळत पिळत शेवटापर्यंत नेला. मालिका सुरू झाली. तिचं शीर्षकगीत आमच्या कौलांवरून आळीभर गेलं.

कोणी लगेच गेलं नाही. समोरच्या ओट्यावर त्यांची बसण्याची, खाकरण्याची चाहूल येत होती. आवाज येत होता, पण दिसत नव्हतं. गोळीचा आवाज आला तर कोणाला लागली ते कळत नव्हतं. बाई रडली तर ती सून की सासू ते कळत नव्हतं. एकजण दुसऱ्याला विचारत होता, आता कोण बोलतंय? मी आत जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि मला इतकं गोड वाटत होतं की काय सांगू. आईचं मात्र पडद्याकडे लक्ष नव्हतं. ती दाराकडे बघत बसली होती, जणू मालिका तिकडे लागलीय.

दादा मागून आले. दार उघड म्हणाले, लोक आहेत बाहेर. आई म्हणाली, "लोक? मला न्हाई दिसलं कोनी." दादा परत अंगणात गेले.

पुढच्या गुरुवारीही तसंच. त्याच्या पुढच्याही. गावभर ही गोष्ट झाली. कोणी म्हणे हवालदाराची बायको डोक्यानं फिरली, कोणी म्हणे टीव्हीचा माज आला. विलासशेठच्या कानावर गेलं तेव्हा त्यानं निरोप धाडला की आळीनं त्याच्या मळ्यावर यावं, त्याच्याकडे रंगीत टीव्ही आहे. काहीजण गेले. ओढा ओलांडून, बॅटऱ्या घेऊन. आम्ही अंगणातून त्या बॅटऱ्यांचे ठिपके जाताना बघितले. आई म्हणाली, जाऊ दे.

टीव्हीतल्या घरातल्या सुडाला किती जणांचा हातभार असतो! धाकट्याला पिस्तूल मिळतं, गाडी मिळते, खबऱ्या मिळतो, पाऊस हवा तेव्हा पडतो. आमच्या सुडाला एक लाकडी कडी होती आणि टीव्हीचा आवाज. रोज सकाळी मला वाटायचं, याच्यानं काय होणार? विलासशेठच्या गोठ्याला आग लागावी, त्याचे बैल बसावेत, त्याची विहीर आटावी, असलं काहीतरी मी मागायचे. संध्याकाळी पुन्हा त्याचा टेम्पो हॉर्न वाजवत दारावरून जायचा.

पण कडीनं काम केलं. ते असं.

मळ्यावर गेलेल्यांत हिराबाई होती. तिचं जाणं भाग होतं. नवरा तिथं कामाला, न जाऊन कसं चालेल. एका गुरुवारच्या भागात मालिकेतल्या एका शिपायाला गुंडांनी मारल्याचं दाखवलं. विलासशेठ बाजेवर बसून बघत होता. तो हसला आणि म्हणाला, हा आपल्या हवालदारासारखाच दिसतोय. सगळे हसले. कोणी मनापासून, कोणी त्याच्या तोंडाकडे बघून. हिराबाईच्या मांडीवर बेबी होती. तीही हसली, सगळे हसले म्हणून. हे सगळं आम्हाला नंतर कळलं.

त्या आठवड्यानंतरच्या गुरुवारी दार नेहमीसारखं बंद, आवाज मोठा. त्या दिवशी खुन्याचा चेहरा दिसणार असं सांगितलं होतं, म्हणून समोरचा ओटा पुन्हा भरलेला. मळ्यावरचे बरेचसे परतलेही होते; तिथं म्हणे बसायला वेगळं आणि उठायला वेगळं विचारावं लागायचं. मालिका ऐन भरात आली. काळे बूट जिना चढत होते. आणि दारावर थाप पडली. आईनं लक्ष दिलं नाही. पुन्हा थाप.

"वैनी, मी हिरा." बाहेरून आवाज आला. "मी शिरेल बघाया न्हाई आले. ती बंद करा. मला बोलायचंय."

आईनं उठून टीव्ही बंद केला. पडद्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका राहिला आणि विझला. बाहेर ओट्यावर सगळी आळी एकदम कण्हली. खुनी कोण ते मला आजतागायत पडद्यावर दिसलेलं नाही; पुढे चार लोकांनी चार नावं सांगितली.

आईनं कडी काढली. हिराबाई आत आली नाही, उंबऱ्यातच उभी राहिली. ओट्यावरचे सगळे ऐकत होते, आणि त्यांनी ऐकावं असंच तिच्या मनात होतं. ती म्हणाली, "माझ्या पोरीपायी हवालदार भाऊंनी मार खाल्ला. मी बघितलं. त्यानं कोनता हात उचलला ते बी बघितलं. जिथं सांगायचं तिथं सांगते."

दुसरी कोणी असती तर तिला मिठी मारती. माझ्या आईनं तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, इतके दिवस कुठं होतीस. आईनं तिला बस म्हटलं नाही, चहा ठेवला नाही. सकाळी तयार राहा, एवढंच सांगितलं. मला ते तेव्हा बरोबर वाटलं होतं. आजही वाटतं. जे उशिरा येतात त्यांचं स्वागत करावं, पण पायघड्या घालू नयेत.

सकाळी एस्टी आली नाही. दोघी चालत गेल्या, मी मागून. वाटेत दुतर्फा कांद्याचे ढीग, त्यांवर पात अंथरलेली. चौकीत हिराबाईनं सगळं सांगितलं, अंगठा दिला. आणि मग एक गंमत झाली. दुपारपर्यंत किसनभाऊ सायकल ढकलत आले. त्यांनाही दिसलं होतं म्हणे. एकाला दिसलं की बाकीच्यांना दिसायला वेळ लागत नाही. गुन्हा दाखल झाला.

याचं मोल कोणी दिलं ते सांगायला हवं. विलासशेठनं दगडूकडून जमीन काढून घेतली, कांदा निघाल्या निघाल्या. दगडूनं बायकोला मारलं, मग स्वतःच आमच्या अंगणात येऊन डोकं धरून बसला. आईनं आमचा ओढ्याकडचा तुकडा त्यांना वाट्यानं लावून दिला. दया म्हणून नाही. तिनं हिराबाईला स्पष्ट सांगितलं की तारीख पडेल तेव्हा तू कोर्टात उभी राहायला हवीस, उपाशी माणूस उभा राहत नाही. हिराबाईला ते पटलं. पुढे त्या दोघींत जे काही होतं त्याला मैत्री म्हणता येईल की नाही, मला माहीत नाही. त्या एकमेकींवर अवलंबून होत्या, आणि दोघींचा शत्रू एक होता. माझ्या अनुभवात मैत्री याहून कमी गोष्टींवर उभी असते.

मग तारखा सुरू झाल्या. जुन्नरला जायचं, आवारात बसायचं, पुढची तारीख घेऊन परत यायचं. कधी वकील नाही, कधी जजसाहेब रजेवर, कधी विलासशेठच आजारी. त्या काळात गावची चार माणसं जीपमध्ये बसून, नारळ घेऊन आमच्याकडे आली. मिटवून टाका म्हणाली, किती दिवस डोक्यात ठेवायचं, गाव एक आहे. दादांच्या मनात मिटवायचं होतं. त्यांची बदली झाली होती, त्यांना झोप हवी होती. आईनं नारळ घेतला नाही. ती एवढंच म्हणाली, "भर घाटात मारली. मिटवायची ती बी तितंच मिटवा. माईकवरनं." जीप परत गेली.

मी बारावी झाले. मग भरतीसाठी पहाटे माळावर धावू लागले. आळीतली माणसं म्हणायची, शिरेल बघून पोरीला खूळ लागलं. मालिकेत एव्हाना धाकट्याचा मुलगाच मोठा होऊन पोलीस झाला होता, आणि प्रत्येक चैत्रात एक नवा सूड संपत होता. मी सूड म्हणून धावत होते हे खरं आहे. सर्विसमध्ये घेताना मला विचारलं की पोलिसात का यायचंय. मी समाजसेवा म्हणाले. सगळेच तसं म्हणतात.

आता चौकीवर बसते तेव्हा अशी माणसं येतात. पुढे एक बाई, डोळे खाली घातलेली, आणि मागे चार वडीलधारे. मॅडम, यात्रेतलं भांडण आहे, मिटवून घेऊ. मी त्यांना बाहेर बसवते. बाईला खुर्ची देते आणि विचारते, कोणी मारलं, नाव सांग. माझे वरिष्ठ म्हणतात, तुझ्या हद्दीत गुन्हे जास्त दिसतात. दिसतात खरे. माझी नजर चांगली आहे.

निकाल लागला तेव्हा मी वर्दीत होते आणि रजा टाकून गेले होते. विलासशेठ दोषी ठरला. शिक्षा काय, तर दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे त्या दिवशीचं कामकाज संपेपर्यंत त्यानं तिथं बसून राहायचं. बस. संध्याकाळी घरी. मला वाटलं, कोणीतरी आपल्याही थोबाडीत मारली. वकील म्हणाले, नशीब समजा, असल्या केसमध्ये लोक सुटतात. विलासशेठच्या माणसांनी बाहेर एकमेकांना टाळ्या दिल्या. हिराबाई मला म्हणाली, एवढंच? एवढ्या चैत्रांचं हे फळ.

पण आई हलली नाही. तिनं विचारलं, तो कुठं बसनार? त्याला भिंतीकडेच्या बाकावर बसवलं होतं, एक शिपाई शेजारी. आई त्याच्या समोरच्या बाकावर जाऊन बसली. पदर नीट केला, हात मांडीवर ठेवले आणि त्याच्याकडे बघू लागली.

त्यानं आधी हसण्याचा प्रयत्न केला. मग मोबाइल काढला, शिपायानं तो ठेवायला लावला. मग त्यानं अंग वळवून खिडकीकडे तोंड केलं. आई उठली आणि खिडकीखालच्या बाकावर जाऊन बसली. दुसऱ्या केसेस चालू होत्या, नावांचे पुकारे होत होते, पंखा कुरकुरत होता. लोक आत येत, या दोघांकडे बघत, शेजारच्याला विचारत की काय प्रकार आहे. शेजारचा सांगत असे. हवालदाराला मारली त्यानं, भर यात्रेत. असं दिवसभर चाललं. ती गोष्ट त्या खोलीत किती तोंडांनी सांगितली गेली, आणि प्रत्येक वेळी विलासशेठला ती ऐकू आली. मी दाराशी उभी होते. माझ्या आवळलेल्या जबड्याला त्या दिवशी पहिल्यांदा थोडी ढील मिळाली.

दुपारच्या सुट्टीत त्याच्या माणसानं त्याला कागदात गुंडाळून वडापाव आणून दिला. तो उघडणार, एवढ्यात समोर आईनं आपलं फडकं सोडलं. तिनं भाकरी मोडली आणि त्याच्याकडे बघत सावकाश खाऊ लागली. एक एक घास, चावून. तळेघरची माणसं खातात तशी, पुढे लांब चालायचंय अशी. विलासशेठच्या हातातला कागद तेलानं ओला होत गेला. त्याला खाता येईना. शेवटी त्यानं ते बाकाखाली ठेवून दिलं.

कोर्ट उठलं. तो उठला तेव्हा त्याचे पाय आखडले होते, भिंतीला धरून उभा राहिला. केव्हा म्हातारा झाला ते कळलंच नव्हतं आम्हाला. मला त्याची दया आली का? नाही. आली असती तर लिहिलं असतं.

आम्ही घरी पोहोचलो तेव्हा दादा ओट्यावर बसले होते. त्यांनी कोर्टात यायला नकार दिला होता, आणि निकाल काय लागला तेही त्यांनी विचारलं नाही. गावातून आधीच कळलं असावं. आईनं पाय धुतले, आत जाऊन पाणी प्यायली. मग दादांनी विचारलं, "दिवसभर बसवून ठेवला. खाल्लं का त्यानं काही?"

मी दादांकडे बघतच राहिले. एवढ्या वर्षांनी त्यांना काळजी कशाची, तर त्याच्या जेवणाची.

"न्हाई खाल्लं," आई आतून म्हणाली. "मी खाल्लं. त्याच्या म्होरं बसून."

दादांनी मान खाली घातली. मला वाटलं ते चिडले.

"काय व्हतं भाकरीसंगं?" त्यांनी विचारलं.

"ठेचा."

"तिखट व्हता?"

"लई," आई म्हणाली.

दादांचे खांदे हलू लागले. आधी मला कळलंच नाही की ते हसताहेत.